भाग ३४ : घुमणारा हॉल आणि काथ्याची गादी

(ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले दहा-बारा 'म्हणजे काय ना' आणि मधे वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक काम देतो. तुम्ही जिथे बसला आहात तिथे एकदा जोरात टाळी वाजवा. लोकलमध्ये असाल तर राहू द्या, लोक बघतील. घरी असाल तर वाजवा. टाळीनंतर काय ऐकू आलं? नुसतं 'टप्' होऊन आवाज संपला, की त्याच्यामागे एक झिणझिणीत शेपूट राहिली? ती शेपूट हा आजचा विषय.

तुम्हाला माहितीये मी कोड लिहितो, सिव्हिलवाला नाही, आर्किटेक्ट तर नाहीच. या भानगडीत मी पडलो तो आजीमुळे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि गुहागरजवळच्या गावातून आजीला इकडे आणलं. आजी एक्क्याऐंशी वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. गावच्या घरात तिचं मशीन लावून व्यवस्थित चालायचं. पडवीत बसून समोरच्या वाटेवरून जाणाऱ्या माणसाशी ती गप्पा मारायची. इथे आल्यावर महिन्याभरात चित्र बदललं. चार माणसं हॉलमध्ये बोलायला लागली की ती गप्प व्हायची, मग उठून आतल्या खोलीत जायची. आम्हाला वाटलं, वय झालं. करमत नसेल. मशीन दोनदा ट्यून करून आणलं.

एके दिवशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, ताट वाढू का?" आजी म्हणाली, "पाट कशाला? मला खाली बसवत नाही आता." सगळे हसले. मीही हसलो. आजी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणायला लागली, माझं जेवण आत आणून द्या.

तिसऱ्यांदा मशीन दाखवायला गेलो तेव्हा तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. "घरात आवाज घुमतो का?" मी म्हटलं, नवीन घर आहे, थोडा घुमतो. त्या म्हणाल्या, मग मशीन काय करणार? ते शब्दही मोठा करतं आणि घुमणंही मोठं करतं.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपण बोलतो तेव्हा स्वरांमध्ये जोर असतो. 'आ' मोठा असतो, लांब असतो. व्यंजनं बारीक आणि क्षणभराची असतात. 'ताट', 'पाट', 'काठ', या तिन्हींत मधला 'आ' तोच आहे, फरक सगळा त्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या टिचकीत आहे. आता खोली घुमत असेल तर एका अक्षराचा 'आ' भिंतींवर आपटत राहतो आणि पुढच्या व्यंजनावर पसरतो. शाई फुटलेल्या कागदावर लिहिल्यासारखं. तरुण कान, तरुण मेंदू अंदाजाने जागा भरून काढतो. वयोमानाने कान जातात तेव्हा सगळ्यात आधी वरच्या पट्टीचं, बारीक, ऐकू येणं कमी होतं, म्हणजे नेमकी व्यंजनंच. त्यात हे घुमणं. आजीला आवाज ऐकू येत होता. शब्द ऐकू येत नव्हते. ती एकदा म्हणालीही होती, "तुमच्या घरात माणसं कमी बोलतात, भिंती जास्त बोलतात." आम्ही ते तक्रार म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. ते अचूक निरीक्षण होतं.

गावच्या घरात काय होतं? शेणाने सारवलेली जमीन, मातीचा गिलावा, वर कौलं आणि वासे, कोपऱ्यात गोधड्यांची चवड, माळ्यावर भाताची पोती. दोन बाजू उघड्या. आवाजाला परत यायला जागाच नव्हती. आणि आमच्या हॉलमध्ये काय? जमिनीला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना पुट्टी, वर पीओपी, एका बाजूला काचेचा सरकता दरवाजा, लाकडी सोफा. यातला प्रत्येक पदार्थ आपल्यावर पडलेल्या आवाजातला शेकडा पंचाण्णवच्या वर परत फेकतो. म्हणजे आपण जे 'प्रीमियम फिनिश' म्हणून पैसे मोजून घेतलं ते सगळं आरसे आहेत, आवाजाचे.

आता मी इंजिनिअर, म्हणजे वाचायच्या आधी करायला घेतो. पहिला प्रयोग, अंड्यांचे ट्रे. कॉलेजात कुणाच्या ना कुणाच्या खोलीवर बँडवाल्यांनी लावलेले असायचे. तीस ट्रे आणले, माझ्या कामाच्या खोलीत एका भिंतीवर चिकटवले. टाळी वाजवली. जवळजवळ काही फरक नाही. कारण तो पातळ पुठ्ठा आहे. खडबडीत दिसतो म्हणून आवाज शोषतो असं काही नसतं. वर झुरळं आली. त्यानंतर ऑनलाइन मिळणारा काळा, पिरॅमिडच्या आकाराचा फोम बघितला. तो मी का घेतला नाही ते पुढे सांगतो, आग या विषयावर यायचंच आहे.

मग मात्र बसून वाचलं. आणि वाचताना एक माणूस भेटला, वॉलेस सॅबिन. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचा तरुण मास्तर. १८९५ साली विद्यापीठाने त्याला सांगितलं की फॉग म्युझियममधल्या नव्या व्याख्यानगृहात कुणाला काही कळत नाही, बघ काय करता येतं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, साधारण माझ्या वयाचा. त्या खोलीत एक शब्द उच्चारला की तो जवळजवळ साडेपाच सेकंद घुमत राहायचा. साडेपाच सेकंदांत आपण पंधरा-वीस शब्द बोलतो. म्हणजे पहिला शब्द अजून हवेत आहे आणि वाक्य संपलंसुद्धा.

सॅबिनने काय केलं? रात्री, शहर झोपल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून या खोलीत आणायच्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंत वेळ मोजायचा. थोड्या गाद्या, मोजणी. अजून थोड्या गाद्या, मोजणी. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या परत. सगळ्या गाद्या आणल्या तेव्हा साडेपाच सेकंदांचे एक सेकंदाच्या थोडे वर उरले. यातून त्याला जे सूत्र मिळालं ते आजही तसंच वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीत एकूण जितकं शोषण आहे त्याने भागा. उत्तर सेकंदांत. बस.

आणि शोषण मोजायचं कसं? सॅबिनने सुरुवातीला त्याचं माप उघड्या खिडकीवरून धरलं. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. एखाद्या पदार्थाचा आकडा ०.६ असेल तर त्याचा एक चौरस मीटर म्हणजे ०.६ चौरस मीटर उघडी खिडकी. मला हे इतकं आवडलं! आजीच्या घराच्या दोन बाजू उघड्या होत्या असं मघाशी म्हटलं ना, तो आमचा सगळा कारभार होता.

माझ्या हॉलचा हिशेब केला. पाच मीटर लांब, ३.६ रुंद, २.९ उंच, म्हणजे ५२ घनमीटर. फुगा फोडून फोनवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंगवरून घुमण्याचा वेळ काढायची एक सुंदर पद्धत मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६५ मध्ये दिली, आवाजाची ऊर्जा शेवटाकडून उलटी बेरीज करत यायची. पायथनमध्ये दहा ओळींचं काम आहे. उत्तर आलं १.३ सेकंद. म्हणजे एवढ्या मोठ्या खोलीत आमच्याकडे फक्त साडेसहा चौरस मीटर 'खिडकी' होती, सोफा आणि माणसं धरून. अमेरिकेत लहान वर्गखोल्यांसाठी जे मानक आहे त्यात मर्यादा आहे ०.६ सेकंद. तिथपर्यंत जायला १४ हवी. साडेसात कमी.

आता पदार्थ कुठला, हा प्रश्न. आणि इथे तंतू येतात.

तंतू आवाज शोषतो म्हणजे नक्की काय करतो? आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे हलणं. ही हलणारी हवा तंतूंच्या जाळीत शिरते, फटीफटीतून घासत जाते, आणि त्या घासण्यात तिची हालचाल उष्णतेत बदलते. उष्णता किती? आपण साधं बोलतो त्याची ऊर्जा एका वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते, तेव्हा भिंत तापेल अशी काळजी करू नका. पण हवेला आत शिरता आलं पाहिजे आणि शिरल्यावर अडखळायला झालं पाहिजे, या दोन्ही गोष्टी हव्यात. यासाठी मी घरगुती फुंकर परीक्षा वापरतो. पदार्थ तोंडाजवळ धरून फुंकर मारायची. सहज आरपार गेली तर आवाजही आरपार जाणार, भिंतीवर आपटून परत येणार. अजिबात गेली नाही, उदाहरणार्थ रेक्झिन, तर आवाज पुढूनच परतणार. जोर लावून जाते, असा पदार्थ पाहिजे.

बाजारात यासाठी ग्लासवूल आणि रॉकवूल असतं, आणि ते उत्तम काम करतं हे कबूल केलं पाहिजे. त्याचा तंतू अतिशय बारीक, दहा मायक्रॉनच्या आसपास. पण ते वितळवायला मोठ्या भट्ट्या लागतात, हाताळताना अंगाला खाज येते, आणि आजी-आजोबांच्या, लहान मुलांच्या घरात उघडं ठेवायची माझी तयारी नव्हती. तेव्हा म्हटलं, आपल्याकडे काय आहे?

डोक्यात पहिला आला काथ्या. नारळाच्या सोडणातला तंतू. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, लहानपणी सुंभाने हात सोलवटून घेतलेले असतात. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो कुजायला वेळ लावतो, ताठ राहतो, दाबला तर परत उसळतो. भिंतीवर उभा टांगायला उत्तम. आणि तयार तक्ते मिळतात, कारण कॉयरची गादी ही आपल्याकडे जुनीच वस्तू आहे. काथ्यावर रबराचा चीक फवारून दाबलेला तक्ता. गादीवाल्याकडे जाऊन मागितला की मिळतो.

अडचण एकच. काथ्या जाड आहे. १०० ते ४०० मायक्रॉन, म्हणजे ग्लासवूलच्या तंतूच्या दहापट, वीसपट आणि वरही. जाड तंतूंच्या जाळीत फटी मोठ्या. फुंकर सरळ आरपार. मलेशियात काथ्याच्या तक्त्यांवर बरंच संशोधन झालंय, त्यातही हेच दिसतं. वरच्या पट्टीत काम चांगलं, खाली येऊ तसं लंगडं, मग जाडी वाढवा किंवा मागे हवेची पोकळी ठेवा. पोकळीमागचं कारण सोपं आहे. भिंतीला अगदी चिकटून हवा हलूच शकत नाही, भिंत आडवी येते. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ५०० हर्ट्झचा आवाज घेतला तर त्याची तरंगलांबी ६८ सेंटिमीटर, पाव म्हणजे १७. तंतू जिथे हवा हलते तिथे पाहिजे. भिंतीला चिकटवलेला अर्ध्या इंचाचा गोणपाट म्हणूनच शोभेचा असतो. तोही मी करून बघितलाय, अंड्याच्या ट्रेनंतर.

मग दुसरा तंतू, कापूस. वीस मायक्रॉनच्या आतला. आमच्याकडे दोन जुन्या कापसाच्या गाद्या होत्या, देऊन टाकायच्या म्हणून गॅलरीत पडलेल्या. पिंजाऱ्याकडून तो कापूस पिंजून घेतला. काथ्या ताठ पण विरळ, कापूस बारीक पण लुळा. दोघांना एकत्र बसवायचं असं ठरलं. चार फूट बाय दोन फूट लाकडी चौकट, पुढे मांजरपाट ताणून, त्यामागे एक इंच पिंजलेला कापूस, त्यामागे दोन इंची काथ्याचा तक्ता, आणि चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे. अशी आठ पॅनेल. शनिवार-रविवार मिळून तीन आठवडे. खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो, सुतारासकट साडेनऊ हजारांच्या आत झालं. कापूस फुकट होता हे लक्षात घ्या.

पॅनेल लावल्याच्या संध्याकाळी टाळी वाजवली. शेपूट गेली होती. पूर्ण नाही, पण कापली गेली होती. मी फार खूष. दीड महिन्याने परत घुमायला लागलं.

आधी वाटलं आपल्या कानांचा भास. मोजलं तर खरंच एक सेकंदाच्या पुढे गेलेलं. एक पॅनेल उतरवून उघडलं. कापूस सगळा घसरून खाली बसलेला. तळाशी मुटकुळं, वरचा दोन-तृतीयांश भाग रिकामा. मी चौकट मांडीवर घेऊन विचार करत बसलो होतो, गोंद फवारावा का, जाळी घालावी का. आजी बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "अरे, गादीला टाके कशाला घालतात?"

सांगा आता. चार वर्षं बीटेक आणि हे सुचलं नाही. गादीला ठरावीक अंतरावर जे आरपार टाके असतात ते कापूस जागच्या जागी राहावा म्हणूनच ना! मग आजीनेच दाभण घेतलं. दोन मांजरपाटांच्या मध्ये कापूस, वितभर अंतरावर टाके. पहिली दोन पॅनेल तिने स्वतः केली, बाकीची मी तिच्या देखरेखीखाली. तिचे टाके एका रांगेत आहेत, माझे नाहीत, आणि पाहुणे आले की ती हे दाखवते.

याशिवाय जाड पडदे लावले आणि एका भिंतीवर घोंगडी टांगली, भिंतीपासून चार बोटं पुढे. घोंगडीबद्दल दोन वाक्यं बोलतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ. मऊ कपड्याला चालत नाही, म्हणून तिला भाव राहिलेला नाही. वर्षातून दोनदा मेंढ्या कातराव्या लागतात आणि कातरणीचा खर्चही सुटत नाही म्हणून कितीतरी लोकर फेकली जाते. आणि आवाज शोषायला लोकर उत्तम, शिवाय ती सहजी पेटत नाही. माझ्या मते महाराष्ट्रात या विषयात कुणी धंदा करायचा तर काथ्यापेक्षा लोकरीत करावा. कसर लागणार नाही याची सोय तेवढी आधी करा.

शेवटचा आकडा आला ०.८ सेकंद. सूत्राने ०.७५ सांगितलं होतं. पॅनेलचा आकडा मी अंदाजाने ०.६ धरला होता, त्यामुळे एवढं जमलं याचं मलाच आश्चर्य. खालच्या पट्टीत मात्र फारसा फरक नाही. १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ, तिला तीन इंचाचा तक्ता काय करणार. माझ्या काकांचा आवाज ढोलासारखा आहे, ते आले की हॉल अजूनही घुमतो.

आता तीन गोष्टी, ज्या या विषयावरच्या उत्साही व्हिडिओंमध्ये सांगत नाहीत.

एक. हे सगळं खोलीच्या *आतला* आवाज ताब्यात ठेवायला आहे. बाहेरचा थांबवायला नाही. मागच्या भागानंतर निम्म्या मेल याच होत्या, वरच्या मजल्यावर ड्रिल चालतं, काय लावू? काथ्या लावून ते थांबणार नाही. कापूस नाही, फोम नाही, काहीच हलकं नाही. आवाज अडवायला वजन लागतं, भिंत दुप्पट जड केली तर जेमतेम सहा डेसिबल कमी होतात. आणि ड्रिल किंवा खुर्ची सरकवल्याचा आवाज तर हवेतून येतच नाही, स्लॅबमधून येतो. खुर्चीचा तरी वरच्यांच्या जमिनीवर काहीतरी मऊ घालूनच कमी होणार. म्हणजे वरच्यांशी बोलायला लागणार. यावर माझ्याकडे सूत्र नाही.

दोन, पाऊस. पहिल्याच जुलैत पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवरच्या दोन पॅनेलना मागून पांढरी बुरशी आली. बाकी सहा कोरडी. ती भिंत ओल धरते हे आम्हाला माहीत होतं, तरी जागा चांगली म्हणून लावली. आता ती दोन आतल्या भिंतीवर आहेत, कापूस बदलून. पोकळी ठेवली होती म्हणून इतरांमागे हवा खेळली. मी हे पुण्याबद्दल बोलतोय. गुहागरला किंवा गोव्यात पावसाळ्यात तुम्ही भिंतीवर कापूस टांगाल तर सप्टेंबरमध्ये काय निघेल ते मला बघायचंही नाही. तिथे काथ्या एकटाच बरा, जास्त जाडीचा, आणि उन्हात काढून ठेवता येईल असा खिळ्यावर अडकवलेला.

तीन, आग. इथे मी जरा गंभीर होतो. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात 'किस' नावाच्या क्लबमध्ये छताच्या फोमने पेट घेतला, २४२ गेली. दोन्हीकडे तो फोम आवाजासाठी लावलेला होता. पॉलियुरेथेन फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं, माणूस ज्वाळेच्या आधी धुराने जातो. तो काळा पिरॅमिड मी घेतला नाही याचं कारण हे.

पण म्हणून 'नैसर्गिक' म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही. सुंभ जळतो हे तर आपल्या म्हणीतच आहे. मी गच्चीवर काथ्याच्या तक्त्याचा तुकडा पेटवून बघितला. सावकाश धरला, पण धरल्यावर जळला, आणि रबरामुळे काळा धूर आला. कापूस तर विचारूच नका. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी मारून वाळवलं की पेट घ्यायला वेळ लागतो, कागदाच्या लगद्याच्या इन्सुलेशनमध्येही बोरॉनची हीच मीठं वापरतात. मी मारलं. तरी ते घरगुती काम आहे, तपासलेलं नाही. म्हणून आमची पॅनेल देव्हाऱ्याच्या भिंतीवर नाहीत, स्विचबोर्डजवळ नाहीत, छताला नाहीत. आणि कुणी मला मेल करून विचारलं की आमच्या क्लासच्या हॉलला, कॅफेला असं करू का, तर उत्तर नाही. जिथे अनोळखी माणसं जमतात तिथे आगीची चाचणी झालेलाच माल लावा. लाकडाच्या शेवया सिमेंटमध्ये घोळवून केलेले तक्ते मिळतात, तेही तंतूच आहेत आणि आगीपुढे टिकतात.

'सस्टेनेबल' या शब्दाबद्दल पण थोडं. मी मोठ्या अभिमानाने आजीला सांगितलं की हा काथ्या बघ, आपल्या नारळाचा. गादीवाल्याला विचारलं तर तक्ता तामिळनाडूतून आलेला, पोल्लाचीकडचा. तिकडे आणि केरळात अलप्पुळा भागात काथ्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे, सरकारचं कॉयर बोर्डही १९५० च्या दशकापासून आहे. आणि आमच्या वाडीतल्या सोडणांचं काय होतं? बंबात जातात. म्हणजे शेजारच्या झाडाचा तंतू पाणी तापवायला आणि भिंतीला लावायला हजार किलोमीटरवरून ट्रकने. यात पर्यावरणाचं किती भलं झालं हा हिशेब मी अजून केलेला नाही, आणि रबर लावलेला तक्ता कुजून मातीत जाणार नाही हेही खरंय. जुनी गादी पिंजून वापरली तो भाग मात्र मला निखळ वाटतो.

हे काही नवीन खूळ नाही, एवढं नोंदवून ठेवतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत लुइझियानामध्ये सेलोटेक्स कंपनी उसाच्या चिपाडाचे तक्ते करत होती. त्याला भोकं पाडून ऑफिसांच्या, बँकांच्या छतांना लावायचे, टाइपरायटरांचा कडकडाट कमी व्हावा म्हणून. उसाचं चिपाड! आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांनो, तुमच्या कारखान्यात ते बॉयलरमध्ये जातं, वीज होते, ठीक आहे. पण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं छत केलं होतं.

गावच्या शाळेत मे महिन्यात जाऊन आलो. नवीन वर्गखोली, टाइल, सिमेंट, पत्र्याखाली सपाट छत. फुगा फोडला. १.९ सेकंद, रिकाम्या वर्गाचे. पहिलीतली पोरं तिथे 'त' आणि 'प' शिकतात. पोरं बसली की थोडा कमी होईल, ती स्वतःच शोषक आहेत, पण ०.६ ला येणार नाही. बाईंना मी आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणून माझा घसा बसतो होय!" तिथे उंदीर आहेत, ओल आहे, आणि मघाशी आगीबद्दल जे बोललो ते सगळं लागू आहे. त्यामुळे मी लाकूड-सिमेंटच्या तक्त्यांचा भाव काढलाय, मागच्या भिंतीपुरता. ज्यांना यात हात लावायचाय त्यांनी मेल करा, आणि कृपया पैसे पाठवू नका, आधी तुमच्या गावच्या शाळेत फुगा फोडून रेकॉर्डिंग पाठवा. स्क्रिप्ट मी देतो.

आजी आता हॉलमध्ये जेवते. टीव्हीचा आवाज ३२ वर असायचा, तो २० वर आलाय. काका सोडून बाकीच्यांचं बोलणं तिला कळतं, आणि जे कळू नये म्हणून आम्ही हळू बोलतो तेही कळतं. तक्रार एकच आहे, मांजरपाट पांढरा घेतला, मळखाऊ रंग घ्यायला हवा होता.